मीठ मागं राहतं

आबा,

आपल्या घरात आता समुद्राचं पाणी आहे. परभणीच्या घरात, समोरच्या खोलीत, काचेच्या टाकीत. तुम्ही समुद्र पाहिला नव्हता. मीही उशिरा पाहिला. हे पाणी तिथून आणलेलं नाही, घरीच केलेलं आहे. बादलीत शुद्ध पाणी घ्यायचं, पाकिटातलं मीठ त्यात विरघळवायचं आणि ढवळत राहायचं. तुम्ही असता तर विचारलं असतं, मीठ कोणाचं, पाकीट कोणी भरलं, आणि यात त्याचा काय फायदा. वरच्या मजल्यावर एक डॉक्टर भाड्यानं राहत होते. पुण्याला जाताना त्यांनी टाकी, दगड आणि दोन नारिंगी मासे मला देऊन टाकले. प्रवासात मरतील म्हणाले. इतकी चांगली वस्तू कोणी फुकट का देतं, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होतो. टाकीला कुठं तडा आहे का, हेही बोट फिरवून पाहिलं. तडा नव्हता. तेव्हा मला वाटलं, मग माशांमध्ये काही असेल.

त्यांनी दिलेली गाळणी काही दिवसांत बंद पडली. पाणी गढूळ झालं. मग मी वाचलं, पाहिलं, आणि ठरवलं की टाकीच्या खाली दुसरी टाकी करायची. तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपातून खाली उतरतं, कापडी पिशवीतून गाळून निघतं, आडव्या लावलेल्या काचा ओलांडत दगडांमधून जातं आणि शेवटच्या खणात येतं. तिथून लहान मोटार ते परत वर चढवते. दिवसभर हेच चालतं. असा संप तयार मिळतो. मी मागवला नाही. दुसऱ्यानं चिकटवलेल्या काचेच्या भरवशावर एवढं पाणी घरात ठेवायला मन घेईना. एक जुनी टाकी घेतली, फोटोफ्रेमच्या दुकानातून काचा कापून आणल्या, आणि त्या वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षातून उतरलो तर दारात तुमचा पुतण्या उभा. हातात मातीची पिशवी.

"विद्यापीठात माती तपासायला द्यायला आल्तो भाऊ," तो म्हणाला. "थोडी उरली. म्हणलं तुमाला भेटून जावं."

लहानपणी तो मला नावानं हाक मारायचा. आता भाऊ म्हणतो, तुमी म्हणतो. त्याच्या वडिलांशी, काकाशी, तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत. त्यांच्या तेराव्यालाही गेला नाहीत. मग हा मान कुठून आला, ते मी चहा होईपर्यंत शोधत होतो. चहा आला तसं त्यानं सांगून टाकलं. त्याला चर काढायचा होता. त्याच्या वावरातून आपल्या वावरात, आपल्या वावरातून खाली नाल्यापर्यंत. साचलेलं पाणी निघून गेलं तर जमीन धुऊन निघेल, असं विद्यापीठातल्या माणसानं त्याला सांगितलं होतं. मशीनवाला तयार होता. पावसाच्या आत काम व्हायला हवं होतं.

"तुमी नुसतं हो म्हणा. खर्च माझा. तुमच्या वावरातून गेल्याबिगर नाल्याला वाटच न्हाई. औंदा न्हाई झालं तर परत कोयता उचलायचा. आमी दोघं नवराबायको तीन साल झालं ऊस तोडायला जायलोत."

मी बघू म्हणालो. तुम्हीही बघू म्हणायचा, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. त्यालाही कळला असावा. तो काचांकडे वळला.

"हे काय करायलाव?"

मी सांगितलं. त्यानं टाकीत वाकून पाहिलं. "परभणीत समिंदर," तो म्हणाला. "प्यायला पाणी आठ-आठ दिवस येईना अन् ह्यांच्या घरी समिंदर. पाइपाचं मी करून देतो. ठिबकच्या नळ्या जोडून जोडून हात झिजलेत माझे."

आतून तुमची सून म्हणाली, "करू द्या. तुम्ही केलं तर आम्हाला होडी घ्यावी लागेल."

फुकटची टाकी, फुकटचं काम. मला ते बरं वाटलं नाही, तरी दिवस ठरवला. माणूस उपकार पेरतो तो उगवावा म्हणूनच, हे तुम्ही जेवताना सांगायचा, आणि आई भाकरी थापता थापता थांबायची. तिच्या माहेरचं कोणी आलेलं असलं की तुम्ही हे हमखास सांगायचा.

कालवा आला तेव्हाचं मला थोडं आठवतं. पूर्णेचं पाणी वावरात येणार म्हणून लोकांनी नारळ फोडले. तुम्ही गेला नाहीत. तुम्ही म्हणालात, सरकार फुकट पाणी देत नसतं, याच्यात काहीतरी असणार. काकाचं वावर वर, आपलं त्याच्या खाली, आपल्या खाली नाला. पहिली काही वर्षं गहू असा आला की आईनं कणग्या लिंपून घेतल्या. मग आपल्या वावराचा एक कोपरा उन्हाळ्यातही ओला राहायला लागला. तिथं पाय टाकला की घोट्यापर्यंत जायचा. पुढच्या वर्षी तो कोपरा वाढला, आणि उन्हं तापली तशी मातीवर पांढरी साय आली. तुम्ही बोटानं थोडी उचलून जिभेला लावली आणि थुंकलात. मी शेजारी उभा आहे. तुम्ही वर, काकाच्या वावराकडे पाहता. तिथं काका पाठमोरा, दारं धरून उभा आहे, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवतो आहे. तुम्ही एवढंच म्हणता, "हां."

त्यानंतर तुम्ही रोज संध्याकाळी चुलीतली राख पाटीत घेऊन जायचा आणि बांधावर तिची रेघ ओढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका पाणी फोडायला आला तर राखेत पाऊल उमटेल. सकाळी मी तुमच्याबरोबर यायचो. राखेवर कधी मुंगसाच्या, कधी टिटवीच्या खुणा असत. माणसाचं पाऊल मी कधी पाहिलं नाही. मी तसं म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे तो ओलांडून येतो." मला ते पटलं. मला ते कित्येक वर्षं पटलेलंच होतं. राख मोडलेली असती तर काका चोर ठरला असता, राख मोडली नाही म्हणून तो हुशार चोर ठरला.

एकदा पुतण्यानं मला बोरं दिली होती, सदऱ्याच्या ओच्यात भरून. मी ती खात घरी आलो. तुम्ही विचारलंत, कोणी दिली. मी सांगितलं. "का दिली?" बोरं का देतात हे मला माहीत नव्हतं, अजूनही नीट सांगता येणार नाही. तुम्ही ती उकिरड्यावर टाकायला लावली आणि चूळ भरायला लावली. मी शिकायला परभणीला निघालो तेव्हा तुम्ही मला पेटीसाठी पितळी कुलूप दिलंत. भारी होतं. वसतिगृहात तसं कोणाकडे नव्हतं. त्याच्या दोन चाव्या होत्या. एक मला दिलीत, एक तुमच्या कनवटीला राहिली. पेटी परभणीत आणि चावी गावात, याचा उपयोग काय, असं आईनं विचारलं होतं. पुढं साहित्य शिकवताना मी मुलांना सांगत आलो की सांगणाऱ्याच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. मुलांना वाटतं हे मी पुस्तकातून शिकलो.

पुतण्या ठरल्या दिवशी आला. आम्ही काचा सिलिकॉननं चिकटवल्या, सुकू दिल्या, मग तो पाइपाच्या कामाला लागला. तो पाइप कापत होता, कानशीनं कडा घासत होता, डब्यातलं सोल्युशन ब्रशनं लावत होता, आणि मी खुर्ची ओढून त्याच्या हाताकडे बघत बसलो होतो. त्याचे हात काकासारखे आहेत, अंगठा बाहेर वळलेला. वर पाणी नेणाऱ्या पाइपाचं तोंड त्यानं टाकीच्या काठाशी ठेवलं. मोटार सुरू केली तर पाणी वरून पडून आवाज करायला लागलं. मी म्हणालो, तोंड खाली घे, खोल बुडव, आवाज होऊ नये. त्यानं बुडवलं. आवाज थांबला. पाणी गोल फिरायला लागलं, खाली, वर, खाली, वर. मासे दगडामागून बाहेर आले. तुमची सून हात पुसत पाहायला आली.

तेवढ्यात लाईट गेली. उन्हाळ्यात दुपारी जाते तशी. मोटार थांबली आणि सगळं शांत झालं. मग खालून खळखळ ऐकू आली. वर जाणारं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येत होतं. पाइपाचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी खाली उतरणार होतं, आणि खालच्या टाकीत तेवढी जागा नव्हती. ती भरली, काठावरून पाणी वाहिलं, टाकीखालच्या लाकडी कपाटातून फरशीवर आलं, चपलांखालून गेलं आणि स्वयंपाकघरात ज्वारीच्या पोत्यापर्यंत पोचलं. पोतं उचलायला तुमची सून धावली. मी धावलो नाही. मी पुतण्याकडे पाहत होतो.

तो हातात फडकं घेऊन गुडघ्यावर बसला होता. त्यानं वर पाहिलं.

"असं बघू नका भाऊ," तो हळूच म्हणाला. "थोरले आबा असंच बघायचे. मी बांधावर शेळी घेऊन गेलो तरी असंच बघायचे."

पाइप खोल मी घालायला लावला होता. हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. त्यानं ते म्हटलं नाही. का म्हटलं नाही, यावर मी रात्री जेवेपर्यंत विचार केला. त्यानं तोंड परत वर घेतलं, खालच्या टाकीतलं पाणी कमी केलं, लाईट आल्यावर मोटार स्वतः दोनतीनदा बंद करून पाहिली आणि फरशी कोरडी राहते हे मला दाखवलं. जाताना चपला घालत म्हणाला, "चराचं बघा." मी म्हणालो, बघू.

संप चांगला चालला. पाणी स्वच्छ झालं. पण उन्हाळा, त्यात कूलरचं वारं. शेवटच्या खणातलं पाणी रोज बोटभर उतरायचं. जितकं गेलं तितकंच परत घालायचं, असं मी ठरवलं. समुद्राचं गेलं तर समुद्राचंच घालायचं. रोज बादलीत मीठ कालवून मी ते घालत होतो. डॉक्टरांनी पाण्यातलं मीठ मोजायचं एक प्लॅस्टिकचं भांडं दिलं होतं, त्यात काटा असतो. काटा रोज थोडा वर जायचा. मी काट्यावरच संशय घेतला. फुकट दिलेलं भांडं, बिघडलेलंच असणार. ते कपाटावर ठेवून दिलं.

मग मासे टाकीच्या कोपऱ्यात थांबायला लागले. कल्ले जोरात हलत होते. खाणं टाकलं तर तोंडात घेऊन परत टाकत. मी तुमच्या सुनेला विचारलं, फरशी कशानं पुसलीस. ती म्हणाली, "पाण्यानं. तुमच्या समुद्राच्या नाही, नळाच्या." मी मिठाच्या दुकानदाराला फोन केला, पाकीट जुनं होतं का म्हणून. शेजारच्या मुलानं काही टाकलं का ते पाहिलं. आणि हे सगळं करताना मला आत कुठंतरी माहीत होतं की मी पुतण्यापर्यंत जाणार आहे. बाकीचे नुसते वाटेतले होते. लहान मासा मेला त्या सकाळी मी त्याला फोन लावला.

"मासा मेला."

"मोठा का बारका?"

"बारका. तू पाइपाला काय लावलं होतंस?"

"सोल्युशन लावलं. डबा तुमी आणलाव, मी तुमच्या देखत उघडला." मग म्हणाला, "भाऊ, मासा मारायला मी परभणीला कामून येऊ? मारायचेच असते तर येलदरीच्या धरणावर गेलो असतो. तिथं ढिगानं हायत."

फोनचा आवाज मोठा होता. तुमची सून तोंडाला पदर लावून आत गेली. मी हसलो नाही. मी म्हणालो, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. चराचं त्यानं विचारलं नाही.

पाइप बदलायचे म्हणून दुपारी मी खालचं कपाट उघडलं. टाकीच्या काठावर, काचेच्या सांध्यांवर, पाइपाच्या वळणावर पांढरी साय आली होती. बोटानं उचलली तर भुगा झाली. जिभेला लावली. आबा, मी किती वेळ तिथं फरशीवर बसून होतो मला सांगता येणार नाही. हा पांढरा रंग मी ओळखत होतो. त्याच्यावरून मी अनवाणी चाललेलो आहे. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. गेलं होतं फक्त पाणी, आणि मी रोज त्याच्या जागी पाणी आणि मीठ दोन्ही घालत होतो. काटा खरं सांगत होता. दुकानदार, शेजारचं पोर, फरशी, सोल्युशन, यातल्या कोणाचा काही संबंध नव्हता. मी भांडं कपाटावरून काढलं, थोडं थोडं खारं पाणी काढून त्या जागी गोडं घालत गेलो. हे सावकाश करावं लागतं. मोठा मासा तीनचार दिवसांनी खायला लागला.

त्या दिवसांत मी तुमच्याशी मनात भांडत होतो. कालव्याचं पाणी वरच्या वावरात मुरत होतं. मुरलेलं पाणी उताराकडे येतं, त्याला कोणी फोडून द्यावं लागत नाही. ते आपल्या कोपऱ्यात येऊन थांबलं, जमिनीतलं मीठ घेऊन वर आलं, उन्हानं पाणी नेलं आणि मीठ ठेवलं. बांधावरच्या राखेखालून ते रोज येत होतं. काकानं एकदाही दारं मोडलं नसेल, असं मी म्हणत नाही. मोडलंही असेल. मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही ठाऊक नव्हतं. पण चर तेव्हा निघाला असता तर दोन्ही वावरं राहिली असती. काकानं एकदा माणूस पाठवून विचारलं होतं. तुम्ही त्या माणसाला पाणीही दिलं नाहीत. त्याचं पाणी आपल्या वावरातून न्यायचं म्हणजे उद्या वावरच नेईल, असं तुम्ही आईला म्हणालात. मी अभ्यास करत होतो, मला ऐकू आलं, आणि मला वाटलं, माझे वडील फसणारे नाहीत. आता ते वावर पडीक आहे. बाभळीसुद्धा खुरटल्या आहेत.

मी पुतण्याला फोन केला आणि ये म्हणायच्या ऐवजी मीच येतो म्हणालो. गावात गेलो. आम्ही बांधावर उभे राहिलो, तो त्याच्या बाजूला, मी आपल्या. मी सांगितलं, सोल्युशन नव्हतं, मीठ मीच जास्त घातलं होतं.

"मोठा जगला ना?"

"जगला."

"मग झालं." त्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं. "मला तर बारका मेला तवाच वाटलं, गेला आपला चर."

मी म्हणालो, काढ चर. त्यानं वळून नाल्याकडे पाहिलं. नंतर म्हणाला, "खालून सुरू करू. नाल्यापासून. आदी तुमचं वावर मोकळं होईल, मग माझ्याकडं येऊ. वरून काढला अन् मधीच पाऊस आला तर माझं सगळं पाणी तुमच्यात येईल." हे त्यानं स्वतःहून सांगितलं. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की हा हे आधीपासून ठरवून आलेला आहे.

मशीन आलं त्या दिवशी मी सकाळीच पोचलो. त्यानं लिंबाखाली पोतं टाकून ठेवलं होतं. "सावलीत बसा भाऊ," दोनदा म्हणाला. मी बसलो नाही. मशीनवाल्यानं मशीन थांबवून त्याला विचारलं, "सायेब नजर ठेवायलेत का काय?"

"ठेवू दे," पुतण्या म्हणाला. "घरचीच नजर हाय ती. आमाला सवय हाय."

त्याची बायको डोक्यावर पाटी घेऊन आली. आम्ही चराच्या कडेला बसून जेवलो. तिनं मला विचारलं, यंदा ऊसतोडीच्या मुकादमाला नाही म्हणून सांगू का. मला का विचारते ते कळलं नाही. मी म्हणालो, सांग. दुपारनंतर चराच्या तळाला ओल धरली, मग भिंतींतून बारीक पाणी पाझरायला लागलं आणि नाल्याकडे चालायला लागलं, दोराएवढं. पुतण्या चरात उतरून ते बघत उभा राहिला. मी वरून त्याला बघत होतो.

हे तुमच्यासाठी लिहिलं आहे, आणि पाठवायला जागा नाही. त्यालाही दाखवणार नाही. लोकांना मी सांगतो की चर नीट निघतो का ते पाहायला गेलो होतो. मी त्याला पाहायला गेलो होतो. मशीन बांधाजवळ गेलं की मी बांधाजवळ जात होतो. अंधार पडायला आला तेव्हा मी चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटा चालून आलो. चर सरळ होता. बांध जागेवर होता. काहीच सापडलं नाही, आणि त्याचं मला थोडं वाईट वाटलं.